गाडीतली लाइव्ह आरती

महाराजांनी आम्हा दोघा नवराबायकोला मरणाच्या दारातून परत आणलं, हे गेल्या काही महिन्यांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की तोंड कडू होतं. आम्ही मरणाच्या दारात नव्हतोच. आमच्या गाडीचा डावा आरसा तुटला आणि दाराला पोचा आला, एवढंच. पाय मोडला तो स्कूटरवरच्या संगीता कांबळे यांचा, आणि त्या आमच्या केंद्राच्या नाहीत. मग वाचवलं कोणाला, हा प्रश्न मला पडला आणि तो मी महाराजांच्या तसबिरीसमोर बसून त्यांनाच विचारला. उत्तर मिळालं की नाही ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. मी घडलं तसं लिहिते.

आम्ही मुलुंडला राहतो. घर, ऑफिस आणि केंद्राची कामं मी याद्या करून उरकते. गुरुवारच्या प्रसादाला गूळ कोण आणणार इथपासून सहलीला कोण कोणाच्या गाडीत बसणार इथपर्यंत. माझे यजमान माझ्यापेक्षा भाविक. मठातली सकाळची आरती मोबाइलवर थेट दिसू लागली, तेव्हापासून आमच्या केंद्रातल्या बऱ्याच जणांनी एक पद्धत पाडून घेतली. आरतीची आणि ऑफिसला निघायची वेळ एकच, म्हणून गाडीत स्टिअरिंगशेजारी स्टँड लावायचा, त्यात मोबाइल, मोबाइलमध्ये महाराज. आरती संपली की ग्रुपवर ‘दर्शन झाले’ असं टाकायचं. सिग्नल लागला असेल तर तिथे, नसेल तर चालत्या गाडीतून. मी रोज म्हणायचे, "अहो, रस्ता बघा." ह्यांचं उत्तर ठरलेलं. "मी मोबाइल कुठे बघतोय? महाराजांना बघतोय. रस्ता ते बघतील." ह्यावर केंद्रातले लोक कौतुकाने हसायचे. काय पण श्रद्धा!

त्या दिवशी आम्ही भांडुपमधून घाटकोपरकडे चाललो होतो. आरती संपत आली, पडद्यावर पुष्पांजली सुरू झाली आणि ह्यांनी सवयीने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून जोडले, डोळे मिटले, मान झुकवली. मी ओरडले तोवर गाडी डावीकडे सरकली होती. त्या बाजूने एक बाई स्कूटरवर सरळ, आपल्या कडेने चालल्या होत्या. आमचा आरसा त्यांच्या हँडलला लागला. त्या फुटपाथच्या कडेवर आपटल्या आणि स्कूटर त्यांच्या पायावर पडली. मोबाइल स्टँडमधून सुटून खाली पडला होता आणि माझ्या पायाशी आरती चालूच होती. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. कोणीतरी ह्यांना कॉलर धरून बाहेर ओढलं. "मोबाइल बघत होता साला, मी पाहिलं!" एक थप्पड बसली, दुसरा हात उठला, तेवढ्यात खालून आवाज आला. "अरे, त्याला काय मारताय? आधी मला उचला ना! रिक्षा बघा कोणीतरी!" उठलेला हात खाली आला. चार जणांनी मिळून त्यांना रिक्षात ठेवलं. मी शेजारी बसले, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. दुखण्याने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ शाबूत होती. "मिस्टर झोपले होते का तुमचे?"

"नाही. नमस्कार करत होते."

"कोणाला?"

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "जरा लवकर चला."

हॉस्पिटलमध्ये कळलं की त्या शाळेत शिकवतात आणि त्यांच्या घरात स्कूटर चालवणाऱ्या त्या पहिल्याच. भावाने हट्टाने शिकवली होती. पायाच्या हाडाला धातूची पट्टी बसवावी लागली. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर दारातच त्यांच्या भावाने मला अडवलं. "ताई, तुमच्या मिस्टरांनी जबाब दिलाय की स्कूटर अचानक आडवी आली. तुम्ही बाजूलाच होतात ना? आमची आईसुद्धा आता विचारते, संगे, तूच मध्ये घुसलीस का गं. शाळेत पण तेच बोलणं चाललंय." मी डबा त्यांच्या हातात दिला आणि परत फिरले. असा जबाब दिल्याचं ह्यांनी मला सांगितलंच नव्हतं.

त्या गुरुवारी ह्यांनी केंद्रात अनुभव सांगितला. गर्दी कशी अंगावर आली आणि नेमक्या त्या क्षणी महाराज एका माउलीच्या मुखाने कसे बोलले! मोबाइलचा उल्लेख नाही. ती माउली कोणामुळे पडली होती, त्याचाही नाही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. केंद्र सांभाळणाऱ्या नंदाताई मला म्हणाल्या, "तुझं लिखाण नीटनेटकं असतं बघ. आपल्या केंद्राच्या अंकासाठी हा अनुभव तूच लिही." मी हो म्हटलं. कामाला नाही म्हणायची मला सवय नाही.

रविवारी सकाळी पूजा आटोपून मी तसबिरीसमोरच लिहायला बसले. आरतीपर्यंत सरळ लिहिलं. पुढे ‘स्कूटर’ हा शब्द लिहिला आणि हात थांबला. ‘अचानक’ लिहायचं होतं. चहा करून आले, पुन्हा बसले, पण तो शब्द उमटेना. कोणी हात धरला वगैरे मी म्हणणार नाही. पण आयुष्यात इतका कागद काळा केला, तेव्हा माझा हात असा कधी थांबला नव्हता. मी उठले आणि ह्यांना सांगितलं, "उद्या मी चौकीत जाऊन जबाब देते."

"स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध?"

"झालं ते सांगायला."

"लायसन्स जाईल माझं. केस वाढेल. आणि महाराजांनी एवढं वाचवलं, त्याचं काय?"

"वाचवलं ना? मग खोटं बोलायची वेळ का आली?"

सोमवारी मी निघाले, तर हे चप्पल घालून मागोमाग आले. मला वाटलं, तिथे वाद घालणार. मी आरती, स्टँड, जोडलेले हात, सगळं क्रमाने सांगितलं. हवालदारांनी लिहून घेतलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि ह्यांच्याकडे वळले. "साहेब, मिसेस हे म्हणतायत. तुमचं काय?" मी मनात एकच म्हटलं, महाराज, आता माझ्या हातात काही नाही. ह्यांनी तो कागद हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, "ती खरं सांगतेय. त्या बाई सरळच चालल्या होत्या. मी डोळे मिटले होते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तिथून मी एकटी भांडुपला संगीताताईंच्या घरी गेले. त्या खाटेवर बसल्या होत्या, आई शेजारी. दोघींना सगळं सांगितलं, केंद्रातल्या त्या अनुभवासकट. आईने लेकीच्या केसांवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलंही नाही. संगीताताई म्हणाल्या, "बरं झालं. केलंत ते बरोबर केलंत. पण मला देवबिव करून ठेवू नका हां तिकडे. पाय माझा मोडलाय." मी मान डोलावली. क्षमेची अपेक्षा घेऊन गेले नव्हते, असं म्हणणं खोटं ठरेल. ती मिळाली नाही, आणि ते योग्यच झालं.

केस चालू आहे. आता गाडी सुरू करायच्या आधी दोघांचे मोबाइल बंद होऊन डिकीत जातात. आरतीच्या संदेशाखाली ‘गाडी चालवताना पाहू नये’ एवढी एक ओळ घाला, अशी मी नंदाताईंना विनंती केली. "लोक दुखावतील गं," त्या म्हणाल्या. अजून घातलेली नाही. हा अनुभव छापतील की नाही, तेही माहीत नाही. संगीताताई काठी घेऊन शाळेत जाऊ लागल्या आहेत, पण स्कूटर त्यांच्या घरच्यांनी विकली.

शरण जाणं म्हणजे आपलं ओझं महाराजांच्या अंगावर टाकून मोकळं होणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. चौकीतल्या त्या बाकावर उमगलं की आपल्या वाट्याचं खरं आधी आपण उचलायचं, मगच त्यांच्यापुढे हात पसरायचे. ह्यांच्या तोंडून ती तीन वाक्यं निघाली, एवढीच कृपा माझ्या पदरात आहे. त्याबद्दल मी महाराजांची ऋणी आहे. वाचल्याबद्दल आभार मानायचा हक्क, मला वाटतं, आमचा नाही.