मंडपवाल्याच्या खुर्च्या आणि आमचं कॅम्पिंग

गेल्या रविवारी आम्ही घरापासून दहा मिनिटांवर कॅम्पिंगला गेलो... आणि अख्खी भावकी रुसवून बसलो.

त्याचं असं झालं. कुरवंड्यात गावाच्या वर आमचा एक तुकडा आहे. सगळी जांभळं, हिरडे नि करवंदीच्या जाळ्या, पीक म्हणून काही नाही. तिथे चार तंबू टाकून पाहुणे ठेवायचे, हे लग्न झाल्यापासून माझ्या डोक्यात घोळतंय. पवनेच्या काठी लोक तंबूत झोपायला गर्दी करतात, मग आमच्या रानाने काय घोडं मारलंय?

पण सासरे, म्हणजे आमचे आबा, ऐकतील तर शपथ. "घरदार सोडून उघड्यावर कोन निजतंय? आनि वर पैशे देऊन? येडी का खुळी ती मानसं?" दर वेळी विषय इथेच संपायचा.

शेवटी मी म्हटलं, आबा, एकदा घरचेच पाच जण राहून बघू. तुम्हाला नाही पटलं तर पुन्हा तंबूचं नाव काढणार नाही. आबांनी मान डोलावली... आणि मलाच घाम फुटला. बोलून बसले होते ना!

तयारी सुरू झाली. मैत्रिणीकडून दोन तंबू आणले. नणंद सोनलने लाइटच्या माळा मागवल्या, शिवाय रील करायला नवा ड्रेस. सासूबाईंनी मात्र कॅम्पिंग म्हणजे बिऱ्हाड हलवणं असाच अर्थ घेतला. शेगडी, सिलिंडर, परात, पोळपाट, अर्धं पोतं तांदूळ आणि लग्नकार्यात काढतात ते मोठं पातेलं!

अहो आई, पाच माणसांना हे पातेलं? "असूंदे गं. मानूस येतंय-जातंय." आता रानात कोण मरायला येणार, म्हणून मी कपाळाला हात लावला.

त्यावर कडी केली माझ्या नवऱ्याने. आबांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून हा पठ्ठ्या मंडपवाल्याकडे खुर्च्या मागायला गेला. चार खुर्च्या द्यायला मंडपवाल्याला कमीपणा वाटला, त्याने अख्खी थप्पी चढवली... आणि ती आली त्याच्याच टेम्पोतून, भर चौकातून.

शहरातल्या मंडळींना यातलं गांभीर्य कळणार नाही. आमच्याकडे मंडपवाल्याचा टेम्पो ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे कार्य असतं. त्यात रानात मांडवासारखं पांढरं काहीतरी उभं, माळा लागलेल्या, आणि लग्नाच्या वयाची सोनल नवा ड्रेस घालून हिंडतेय. गावाने ओळखायचं ते ओळखलं. सोनलची सुपारी फुटतेय... आणि तीसुद्धा चोरून!

इकडे आम्हाला यातलं काही ठाऊक नाही. आबांनी तंबूत एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "यापरीस कोंबड्याचं खुराडं बरं." झालं! माझ्या धंद्याचे तिथेच बारा वाजले असं मी समजले आणि गपचूप चहा ठेवला.

चहाला उकळी येते न येते तोच खालून माणसं चढताना दिसली. सगळ्यात पुढे शेवंताकाकू, आबांच्या थोरल्या चुलतभावाची बायको, भावकीतलं सगळ्यात मानाचं माणूस. हातात नारळ, पिशवीत ओटीचं सामान, आणि चेहरा... बापरे!

"भावजी, आमी काय मेलो व्हय सगळी? घरच्या पोरीची सुपारी, आनि भावकीला आवतान न्हाई?"

सोनलच्या हातातून मोबाईलच पडला. अहो काकू, कसली सुपारी, आम्ही कॅम्पिंगला आलोय! पण काकू कसल्या ऐकतात... "नाव काय बी ठिवा. नवरा मुलगा कुटंय त्यो सांगा," म्हणत त्या थेट तंबूत वाकल्या. आत माझा नवरा घोरत पडला होता.

मागे उभ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण काकूंचा राग काही उतरेना. सगळे आबांकडे बघायला लागले. भावकीला न बोलावणं म्हणजे आमच्याकडे जन्माचा रुसवा. आता आबा सरळ म्हणणार, हे समदं सुनंचं खूळ... मी मान खाली घातली.

आबा उठले, टोपी सारखी केली. "वैनी, सुपारी न्हाई. माझ्या सुनंच्या धंद्याचा नारळ हाय आज. पाव्हणं ठिवनार हाय ती हितं. तुमी थोरल्या, तुमच्याच हातानं फोडायचा म्हनून थांबलोय. आता मानूस धाडनारच व्हतो... न्हाईतर येवढ्या खुर्च्या कशाला आनल्यात?"

माझ्या सुनेचा धंदा! मी आ वासून बघतच राहिले.

काकू खुलल्या. जांभळीखालच्या दगडावर त्यांनी नारळ फोडला. ओटीचं सामान परत कसं न्यायचं, म्हणून ती ओटी माझीच भरली. मला तर रडूच आलं, धूर डोळ्यांत गेला असंही म्हणता येईना, चूल कुठे होती... गॅस होता!

मग अर्थात सगळ्यांना जेवायला थांबवलं. सासूबाईंनी ते मोठं पातेलं उचलून माझ्यासमोर ठेवलं. मी तांदूळ धुवायला घेतले.

मंडळी उतरून गेल्यावर आबा जवळ आले. "तंबू मला आवाडला न्हाई, त्यो न्हाईच. पन भावकीत सबूद गेलाय माझा. आता चालवूनच दाव."

इतकी वर्षं समजावून जे जमलं नाही, ते काकूंच्या एका रुसण्याने झालं. शेवंताकाकू, तुम्हाला दंडवत! आमच्याकडे तुम्ही कायमच्या फुकट.

काल मंडपवाला खुर्च्या न्यायला आला होता. आबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं... म्हणाले, "असूंदे. पाव्हणं येत्याल."