अर्धी घासलेली गारगोटी

नांदेडच्या दवाखान्यात माझी आई अतिदक्षता विभागात होती. बाहेरच्या बाकावर बसून बसून कंबर मोडली होती आणि आता रडूही येईनासं झालं होतं. शेजारी लोह्याकडचे एक म्हातारे मामा असायचे; त्यांची बायकोही आतच बेशुद्ध होती. मांडीवर टॉवेल अंथरून ते एक गारगोटी ओली करायचे आणि पॉलिश पेपरवर घासत राहायचे. मधेच डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवायचे.

एकदा मी विचारलं, "मामा, हे काय करून राहिलात?"

"बायकोची हाय, ताई. तळ्यावर धुणं धुवायला गेली की काठावरचे दगड पदरात घालून आणायची अन् घरी घासत बसायची. लई नाद तिला. ही अर्धीच राहिली हुती." गारगोटी पुन्हा ओली करत म्हणाले, "अन् हाताला काम असलं की कान सारखे त्या दाराकडं जात न्हाईत."

दुपारी नर्सनं त्यांना आत बोलावलं. परत आले तेव्हा हात रिकामे होते.

"शुद्धीवर आल्या का?"

"न्हाई. पण तळव्यावर गारगोटी ठेवली, तर मूठ मिटली तिनं. सोडंना. मग ऱ्हाऊ दिली तिथंच."

ते बसले. पिशवीतून दुसरा दगड काढला, पण घासायला हात उचलेना. नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

मी हात पुढे केला. "मामा, मला द्या एक."

त्यांनी पॉलिश पेपर मधोमध फाडला आणि एका दगडासोबत अर्धा माझ्या हातावर ठेवला.