थंडोबाचा तळहात

गल्लीत त्याला थंडोबा म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. उभा जन्म गॅरेजात गेला. काम सुटल्यावरही कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की त्याला सोबत नेत. तो आधी रंग बघत नसे, टायरही बघत नसे. बॉनेटवर तळहात ठेवी. कोमट लागलं की "उद्या येतो" एवढंच बोलून चालू लागे. तापलेलं इंजिन आपली दुखणी झाकतं, गार पडलेलं मात्र पहिल्या चावीलाच खरं बोलतं, असं त्याचं म्हणणं. मालक चिडत, गिऱ्हाईकं कंटाळत. पण त्याने होकार दिलेली गाडी रस्त्यात रुसून बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आता गाडी त्याच्या लेकीलाच हवी होती. ती नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. बापाला न दाखवता घेतलेली तिची आधीची गाडी भर रस्त्यात बंद पडली आणि एक आजी कण्हत तिची वाट बघत राहिल्या. ते तिच्या मनातून जात नव्हतं. अशात एका निवृत्त मास्तरांची पांढरी गाडी तिच्या मनात भरली.

सकाळी थंडोबाने बॉनेटवर तळहात ठेवला. गरम.

"उद्या येतो."

"अहो, तुम्ही येणार म्हणून धुवून आणली," मास्तर म्हणाले. "आणि उद्याचं मी कसं सांगू? संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक यायचंय."

लेकीने डोळ्यांनीच विनवलं. थंडोबा पायरीवर बसला. "मग गार होईपर्यंत थांबतो."

"जेवणाचंही बघू का?" मास्तरांच्या बायकोने खिडकीतून टोमणा मारला. पण चहा पाठवला, आणि दुपारी खरंच जेवायलाही वाढलं.

ऊन उतरल्यावर थंडोबाने पुन्हा हात लावून पाहिला. गार. तेल तपासलं, बॉनेट उघडं ठेवून आत कान नेला आणि लेकीला चावी फिरवायला सांगितली. इंजिन लगेच सुरू झालं. मास्तरांचा चेहरा खुलला.

"झकास," थंडोबा म्हणाला. "कसला आवाज नाही, काही नाही."

हाच शब्द ऐकायला ती दिवसभर ताटकळली होती. तरी ती गाडीतून उतरेना.

"बाबा, सुरू होताना काहीतरी वाजलं. मग थांबलं."

"कुठे वाजलं?"

"वाजलं तर," खिडकीतून आवाज आला. "रोज सकाळी वाजतं. मला तर त्यानेच जाग येते."

मास्तरांनी खिडकीकडे असं पाहिलं की ती बंद झाली.

थंडोबा लेकीजवळ आला. "कसं वाजलं? बशीवर चमचा वाजवल्यासारखं, की डब्यात खिळे हलवल्यासारखं?"

हा प्रश्न ती लहानपणापासून ऐकत आली होती. चमचा म्हटलं की किरकोळ दुखणं, गाडी तिची. तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"खिळे," ती म्हणाली.

"मग इंजिनातली टायमिंग चेन सैल झालीय. चालत्या गाडीत तुटली तर इंजिन गेलंच. आपल्याला नको." मग तो मास्तरांकडे वळला. "चेन बदलल्याशिवाय दुसऱ्यालाही देऊ नका."

"मला कधी ऐकूच आलं नाही हो," मास्तर ओशाळून म्हणाले.

"मलाही नाही आलं," थंडोबाच्या तोंडून निघून गेलं.

बसथांब्याकडे जाताना लेक खाली बघून चालत होती.

"रागावलीस?"

"गाडी मिळेल दुसरी. कान कधीपासून जड झालेत?"

"छे, इंजिनाजवळ गोंगाट असतो..."

"घरात टीव्हीने भिंती हलतात, बाबा. मीच आजवर कानाडोळा केला."

थंडोबा चालता चालता थांबला. "आता मला कोण नेणार गाडी बघायला?"

"मी नेईन. हात तुम्ही ठेवा, ऐकायचं मी बघते. पण आधी कानाच्या डॉक्टरांकडे चला."

"उद्या येतो," तो सवयीने म्हणाला.

"चालेल. रात्रभर गार व्हा."

मागून बस हॉर्न वाजवत येत होती. तिने त्याचा दंड धरून त्याला कडेला घेतलं.