अस्वल, साळिंदर आणि पंच

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. ते जन्मभर कुस्तीच्या आखाड्यात पंच होते. जिंकलेल्या पैलवानाचं मनगट धरून हात वर करायचा आणि निकाल द्यायचा. हे काम ते इतक्या गांभीर्याने आणि सावकाश करत, की तेवढ्यात एखादा राज्याभिषेक उरकला असता.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांचे सत्कार सुरू झाले. आमच्याकडे आजारी पडल्याबद्दलही शाल आणि नारळ मिळतो, हे मला तेव्हा कळलं. मंडळी यायची, आबांना कॉटवरच फेटा बांधायची, फोटो काढायची आणि चहा घेऊन जायची. ती गेल्यावर आबा फेट्यासकट भिंतीकडे बघत बसायचे.

व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी दिवसाआड यायची. हातात अजून जीव आहे, पण आता हलवला नाही तर पुढे तो हलणार नाही, असं तिनं स्पष्टच सांगितलं होतं. त्यासाठी तिनं एक मऊ पिवळा चेंडू दिला. तो धरून हात खांद्यापर्यंत न्यायचा. आबांनी चेंडूकडे एकदाच पाहिलं.

"मी काय रांगतोय व्हय?" ते कसेबसे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. हेच रोज.

दुपारी शेंगा फोडत कार्टून बघायची आईची जुनी सवय. नातवंडं पुण्याला गेली, पण ती लावून गेलेली सवय राहिली. त्यात एक अगडबंब अस्वल आणि एक वीतभर साळिंदर एकाच झाडावर हक्क सांगतात. कुणी बोलत नाही. अस्वल दरीत पडतं, त्याच्यावर दगड पडतो, दगडावर तेच झाड पडतं आणि पुढच्या क्षणी अस्वल अंग झटकून उभं. असल्या गोष्टींना मी तुच्छ लेखतो. तसं लेखत मी बरेच भाग शेवटपर्यंत पाहिले होते.

आबांची कॉट टीव्हीसमोरच होती. एका दुपारी त्यांच्याकडून आवाज आला, "विजोड."

कुणी न विचारता ते बोलले, असं घरी आल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं. आईचा शेंगेवरचा हात थांबला. "काय म्हनलासा?"

"जोड कुनी लावली ही? वजन बघ की."

"वजनावर जाऊ नगासा. साळिंदर लई चपळ हाय."

दुसऱ्या दिवशी कार्टूनची वेळ झाली तेव्हा आबा उशीला टेकून आधीच तयार होते. त्यानंतर त्यांनी एकही भाग चुकवला नाही. पडलेलं अस्वल निकालाशिवाय उठून चालू लागलं की ते अस्वस्थ व्हायचे. इतकी बेशिस्त त्यांनी कुठल्याच जत्रेत खपवून घेतली नव्हती.

मग तो पेच आला. अस्वलाने एकदाचं साळिंदराला उताणं केलं आणि वरून दाबून धरलं.

"चीत," आबा म्हणाले.

"कुठली चीत? पाठ टेकलीया कुठं? मधी काटे हायत की."

मुद्दा बिनतोड होता. पाठ मातीला लागल्याशिवाय कुस्ती होत नाही. काटे पाठीत धरायचे की नाही, याबद्दल नियमांत काही नाही. काटे म्हणजे शेवटी एक प्रकारचे केसच, असं मी सुचवून पाहिलं.

"तू गप," दोघंही एकदमच म्हणाले.

आबा विचार करत राहिले. फिजिओथेरपिस्ट मुलगी तेवढ्यात आली होती. ती दारातच थांबली.

"काटे अंगाचंच," आबा म्हणाले. "अस्वल जिंकलं."

पण पंचाचा निकाल नुसत्या तोंडाने होत नाही. त्यांचा उजवा हात चादरीवरून सुटला, थरथरत वीतभर वर आला आणि पडला. आई निकालावर भांडायच्या तयारीत होती. तिनं हातातली शेंग तशीच खाली ठेवली.

मुलीनं चेंडू पिशवीत टाकला आणि पुन्हा काढला नाही. ती कार्टूनच्या वेळेला येऊ लागली. कॉटशेजारी बसायची, स्वतःचं मनगट आबांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "आजोबा, मी साळिंदर." किंवा अस्वल, जे जिंकेल ते. कोपराला खालून तिचा दुसरा हात असायचा. हात आधी छातीपर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. बोटांची पकड मात्र अजून ढिलीच होती आणि काही दिवस काहीच हलायचं नाही. त्या दिवशी कुस्ती बरोबरीत सुटली, असं आम्ही धरायचो.

परवा साळिंदराने अस्वलाला त्याच्याच मधाच्या पोळ्यावरून घसरवून पाडलं. आबांनी मनगट धरलं. मुलीनं कोपराखालचा हात काढून घेतला, तरी मनगट त्यांच्या कानापर्यंत गेलं.

"अवो, साळिंदरच आधी पडलं हुतं," आई म्हणाली. "मी बघिटलंय."

"निकाल दिलाय," आबा म्हणाले.

आई आणखी बरंच काही बोलली. आबांनी हात खाली घेतला नाही.