फाटलेला चीक

नांदेडच्या डेअरीत आता बारा महिने खरवस मिळतो. परवा लेकीसाठी घेताना वेलदोड्याचा वास आला आणि मला इथलंच माझं नर्सिंगचं हॉस्टेल आठवलं.

गाय व्याली म्हणून दादा, माझे वडील, इस्लापूरहून एसटीनं किटलीभर चीक घेऊन आले होते. उन्हानं तो वाटेतच फाटला. झाकण काढून ते हळूच म्हणाले, "नासला गं बाई. तुझी माय म्हनत व्हती, उकडून न्या."

"मला असाच लई आवडतो," मी म्हणाले. त्या आंबूस गोळ्यांवर साखर घालून मी वाटीभर खाल्लं. दादा माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

त्यांचं मन राखलं, असं तेव्हा वाटलं होतं. पुढच्या वेताला मात्र दादा खरवस उकडून, वड्या पाडूनच घेऊन आले.