कोऱ्या चिठ्ठीची बारा पुस्तकं

आमच्या वाचनालयातल्या टेबलावर एक लांबुडकी वही असते. तिच्यावर ‘वाचायची पुस्तकं’ असं मीच स्केचपेननं लिहिलेलं आहे. आता ती नुसती दिसली तरी माझं डोकं फिरतं.

पाथरीत माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, ब्लाउजपीस, फॉल-पिको. फॉलच्या बंडलांतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या निघतात. कुणाच्या बोलण्यात, पेपरात, नाहीतर एखाद्या पुस्तकाच्या मागच्या जाहिरातीत चांगलं नाव सापडलं की मी ते पट्टीवर लिहून ठेवते. गिऱ्हाईक नसलं की पट्ट्या काढून मांडायच्या. आधी हे, मग ते, हे पावसाळ्यात, हे दिवाळीनंतर. वीस वर्षं हेच चाललंय. नवऱ्यानं एकदा त्या कचरा समजून पाण्याच्या बंबात घातल्या, तेव्हा आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते.

रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा वाचणारी माणसं वाचनालयात बसतो. मोबाईलवर आमचा ग्रुपही आहे, पण त्यात रोज उठून गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात, पुस्तकाचं नाव औषधाला नसतं. म्हणून मी वही आणली. प्रत्येकाला दोन पानं. वाचायचंय ते लिहायचं, का वाचायचंय ते एका ओळीत लिहायचं. दुसऱ्यानं त्यातून हवं ते उचलावं, पण ज्यानं नाव आधी लिहिलं त्यानं पुस्तक आधी न्यावं. हा नियम तोंडी ठरला. तोंडी ठरवला, तिथंच माझं चुकलं.

आमच्यात एक निवृत्त साहेब आहेत. कोणत्या खात्यातले ते राहू द्या, नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले आणि ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. त्यांच्याकडे घरच्या माणसांच्या नावानं चार कार्डं. मी वहीत नाव लिहिलं की मंगळवारपर्यंत ते पुस्तक साहेबांच्या घरी. रविवारी येऊन माझ्याच पानावर, माझ्याच नावापुढे निळ्या शाईची टिक मारायची. वर खुर्चीत टेकून म्हणायचं, शेवटी ती बाई घर सोडून जाते, तसं बरं लिहिलंय. माझ्या हाती पुस्तक यायच्या आत मला शेवट कळलेला. असं एकदा नाही, सात वेळा झालं. मी ग्रंथपालाला सांगितलं, तो म्हणाला कार्डं त्यांची आहेत, मी काय करू. बाकीचे हसले. तुमची आवड साहेबांना पटते, हा मानच समजा, असं एका मास्तरांनी मला सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी साहेबांची जिरवायची ठरवली.

वाचनालयात खिडकीखाली एक कपाट आहे. अनुदानाच्या घाईत घेतलेली, कुणी न निवडलेली पुस्तकं त्यात आहेत. पुस्तकाच्या मागं तारखा मारायची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती या पुस्तकांत कोरीच. आल्यापासून एकदाही घराबाहेर न गेलेली पुस्तकं. एका दुपारी दुकानाला कुलूप घालून मी तिथं बसले आणि त्यातली बारा हुडकून काढली. एकात कुणा उद्योजकानं स्वतःच्याच एकसष्टीचं वर्णन दीडशे पानं केलं होतं. एक कादंबरी होती, तिच्यातली सगळी माणसं भाषणं करत होती. ही बारा नावं मी माझ्या पानावर सुबक अक्षरात लिहिली आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहिली. ‘माणसाच्या मनाचा तळ दाखवणारी.’ ‘सावकाश वाचावी, मग उलगडते.’ खोटं लिहिताना माझा हात इतका सहज चालेल असं मला वाटलं नव्हतं. खऱ्या पट्ट्या दुकानात, गल्ल्याच्या मागं.

साहेब गळाला लागले. एकेक पुस्तक जायला लागलं, एकेक टिक पडायला लागली. रविवारी ते गंभीर तोंड करून सांगायचे, सखोल आहे, शेवट तर फारच उत्तम. मी मान डोलवायचे आणि घरी येऊन पोट धरून हसायचे. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, हे कबूल करते.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहितेय तिच्याबद्दल. पाथरीपासून जीपच्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथली ती. घरी मेंढरं, आणि हंगामात खुरपणीला, कापूस वेचायला जाते. शिक्षण सातवी. तीन वर्षांपूर्वी साडीला फॉल लावून घ्यायला माझ्याकडे आली आणि थांबून थांबून मी कापड गुंडाळायला ठेवलेलं जुनं मासिक वाचत बसली. साडी तयार झाली तरी उठेना. त्या दिवशी मी तिला माझ्या घरचं पुस्तक दिलं, माझं सगळ्यात लाडकं, ज्याच्यामुळे मी वाचायला लागले ते. पुढच्या महिन्यात तिनं ते फडक्यात बांधून परत आणलं. मग मी जामीन राहून तिचं कार्ड काढलं. महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी ती येते. एक कार्ड, एक पुस्तक, महिनाभर तेच. दुपारी मेंढरं झाडाखाली बसली की वाचते. निवडायला तिला वेळ नसतो, जीप सुटते. म्हणून ती वहीतलं माझं पान उघडायची आणि पहिलं जे कपाटात सापडेल ते घेऊन जायची.

हे मला माहीत होतं. बारा नावं लिहिताना ती माझ्या डोक्यात आली नाही, हे खरं. पण दुसऱ्या महिन्यात ती दुकानात आली, तेव्हा तिच्या पिशवीतून त्याच भाषणं करणाऱ्या कादंबरीचं मलपृष्ठ दिसत होतं, हेही तितकंच खरं. मी बोलू शकले असते. पण वाटलं, ही सरळ बाई, हिच्या पोटात राहायचं नाही, ग्रंथपालाजवळ बोलून जाईल, आणि साहेबांना कळलं की सगळी मजा संपली. मी तिला चहा पाजला. पुस्तक कसं आहे, हे विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्या महिन्यात मी ग्रंथपालाला परत आलेली पुस्तकं लावायला मदत करत होते. साहेबांनी आणून दिलेलं एकसष्टीचं पुस्तक उघडलं. असल्या स्वस्त छपाईत कधीकधी वरच्या कडेनं पानं कापायची राहून जातात, दोन-दोन पानं एकमेकांना जोडलेली असतात. या पुस्तकात चाळिसाव्या पानापासून पुढं सगळी तशीच होती. ती न फाडता आतलं वाचताच येत नाही. फक्त शेवटची दोन पानं मोकळी केलेली. मी साहेबांची बाकीची पुस्तकं काढून बघितली. सगळीकडे तेच. माणूस मलपृष्ठ आणि शेवट वाचत होता, बस्स. सात वेळा मला ऐकवलेले शेवट असे आलेले होते. मी ज्याला खड्ड्यात पाडलं असं समजत होते, तो खड्ड्याच्या काठावर बसून टिका मारत होता.

खाली तिनं परत केलेलं पुस्तक होतं, ती भाषणांची कादंबरी. तिच्यातही पानं जोडलेली असणार. पण सगळी उघडली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सोडलेलं नाही. कडा ओबडधोबड निघाल्या होत्या. पोती शिवायच्या दाभणानं तिनं ती एकेक करून मोकळी केली असणार. मागच्या कोऱ्या चिठ्ठीवर एकुलती एक तारीख होती, तिची.

मी तिथल्या बाकावर बसले. साहेबांचा राग आला, ग्रंथपालाचा आला, हसणाऱ्या मास्तरांचा आला. सगळ्यांचा येऊन झाल्यावर जिचा यायला हवा होता तिचा, माझा स्वतःचा, आला.

पुढच्या बाजारी ती दुकानात आली तेव्हा तिसरं पुस्तक तिच्या पिशवीत होतं. मी शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगितलं. साहेब, कपाट, बारा नावं, खोट्या ओळी. तिला बघूनही गप्प राहिले, तेही सांगितलं. ती स्टुलावर बसून ऐकत होती. रडली नाही, आवाजही चढवला नाही. मग म्हणाली.

“त्या भाषनांच्या कादंबरीफुडं तुमी लिवलं व्हतं, सावकाश वाचावी, मग उलगडते. म्हणून मी दोनदा वाचलं, ताई. मला वाटलं मलाच कळंना. मला वाटलं, सातवीवालीनं एवढं मोठं वाचूच न्हाई. मेंढरं हाकावी गप.”

मी म्हटलं, चूक माझी आहे, पिशवीतलं पुस्तक परत देऊन टाक, आणि गल्ल्यामागच्या पट्ट्या तिच्यापुढे धरल्या. माझी खरी यादी, आजवर कुणाला न दाखवलेली. तिनं हात पुढे केला नाही.

“ह्याच्यातलं खरं कोनतं न् खोटं कोनतं, मी कशावरून वळखू?” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या. ती कादंबरीच नेते परत. खराब हाय हे ठावं ठिवून वाचते आता. कुटं खराब हाय ते मला कळलं पायजे.”

ती वाचनालयात जाऊन जीपला गेली. तीन महिन्यांची तिची वाचायची ऐपत मी साहेबांवरच्या रागात उधळली होती, आणि तो मनुष्य तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी पानावरही टिका मारत होता. त्या रविवारी मी वहीतलं माझं पान फाडलं. साहेब म्हणाले, अहो, चार राहिली होती माझी. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गटातल्या कुणीही तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही आणि मला त्याचं सोयरसुतक नाही.

महिन्यानं ती आली. दुकानात नाही. समोरच्या दुसऱ्या दुकानात तिनं साडीला पिको करून घेतलं, मी काउंटरवरून बघत होते. मग मी वाचनालयात गेले तर ती कपाटासमोर उभी. पुस्तक काढायचं, मधूनच उघडायचं, उभ्यानं दोन पानं वाचायची, परत ठेवायचं. मलपृष्ठाकडे बघायचीसुद्धा नाही. असं सहा-सात पुस्तकांचं केलं आणि एक घेतलं. मी जवळ जाऊन विचारलं, कळलं का मग, कुठं खराब होतं ते.

“कळलं,” ती म्हणाली. “मानसं बोलायली म्हणून लिवलंय, पर कुनी कुनाचं ऐकंना त्यात. मंग तुमी मला पयल्यांदा दिल्यालं आठवलं, घरचं. लय आवडलं व्हतं मला. आता ध्यानात आलं, त्यातबी तसंच हाय.”

एवढं बोलून ती कार्डावर सही करायला गेली.

माझं सगळ्यात लाडकं पुस्तक. सतराव्या वर्षी हाती आलं आणि त्याच्यामुळे मी कोण आहे ते मला कळलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्यातले किती संवाद मला तोंडपाठ आहेत. आता ते मनात म्हणून बघते, तर माणसं बोलतात आणि पुढचा माणूस आपलंच बोलायला लागतो.

पुस्तक दुकानात, पट्ट्यांच्या शेजारीच आहे. मधूनच उघडून दोन पानं वाचली की ती खरं बोलली की नाही हे कळेल. चार महिने झाले. मी ते उघडलेलं नाही.