चढावर उताराचा गिअर

"तुम्ही आयुष्यात काय केलंत?" असं कुणी विचारलं की तात्या म्हणायचे, "चाळीस वर्षं लोकांच्या सायकली उलट्या टांगल्या आणि एकदा सगळ्यांसमोर स्वतः उलटा टांगलो गेलो." मग पुढची गोष्ट सांगायला त्यांना आग्रह करावा लागत नसे. समोरचा उठू लागलाच, तर ते हळूच त्याची चप्पल स्टुलाखाली सरकवत.

दुकान म्हणजे एक खोली. छताला दोन हुक, भिंतीला पान्यांची रांग, कोपऱ्यात पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. पण सायकली कमी झाल्या. आठवड्याला दोन पंक्चर आली तरी तात्या म्हणायचे, "धंद्याला नुसता ऊत आलाय!" बायकोनं शेवटी बजावलं, "महिनाअखेरीपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर कुलूप लावा आणि घरी येऊन भाजी निवडा." तात्यांना भाजी निवडायची भीती नव्हती. निवडलेली भाजी ती पुन्हा निवडेल, याची होती.

अशात इस्पितळाची बाग सांभाळणाऱ्या बाई आल्या. हातात बॅटरीवर चालणारं, कुंपणाची झुडपं छाटायचं मशीन.

"फार हळू चालतंय. गुरुवारी दहा वाजता कुंपण छाटून दाखवा. जमलं, तर उरलेली सहा मशीनंही कायमची तुमच्याकडे." सुट्या भागांसाठी म्हणून त्यांनी एक बंद पडलेलं मशीनही ठेवलं. ते त्याच बनावटीचं, पण कोवळे शेंडे कापायचं.

तात्यांनी मशीन उघडलं. आतली मोटर भन्नाट फिरणारी, पण अंगात जोर बेताचा. म्हणून तिच्या टोकाचं छोटं दात्यांचं चाक एका मोठ्या चाकाला फिरवायचं. मोठं चाक सावकाश फिरायचं, पण ताकद कैक पट वाढवून पात्यांना पुढं-मागं सरकवायचं. त्या दात्यांत जुनं ग्रीस आणि पानांचा भुगा मिळून डिंकासारखा घट्ट बसला होता. दुसरा कुणी असता तर पुसून, नवं ग्रीस भरून मोकळा झाला असता. पण मग तात्यांची करामत दिसणार कुठं?

त्यांनी बंद मशीनमधली चाकांची जोडी काढली. त्यातलं मोटरचं चाक जरा मोठं, पुढचं जरा लहान. जोडी नेमकी बसली. बटण दाबलं तर पाती अशी सळसळली की घमेल्यातल्या पाण्यावर शहारे आले.

"बघ, दीडपट वेग!" तात्या म्हणाले.

"आणि जोर?" बायकोनं विचारलं.

"वेग आला की जोर मागून येतो."

"तुमच्यासारखा? चहा प्यायल्यावर?" असं म्हणत तिनं मशीनची मूळची चाकं आणि ग्रीसची डबी फडक्यात बांधून पिशवीत टाकली.

गुरुवारी बाकांवर ऊन खात पेशंट बसलेले. तात्यांनी बाह्या सरसावल्या. पहिली दहा पावलं काय थाट! कोवळे शेंडे भुर्रकन उडाले. एका आजोबांनी तर टाळ्या वाजवल्या. तात्यांनी मान लववून मानवंदना घेतली आणि पाती अंगठ्याएवढ्या जाड, जुन्या फांदीत रुतली. घुंऽऽ... आणि गप्प. बाहेर काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा गप्प. अडलेली मोटर जीव खाऊन बॅटरी पीत होती. मशीनचं अंग तापलं आणि बॅटरीच्या दिव्यांपैकी एकच दिवा उरला. तात्यांनी चिडून मशीन रेटलं, तशी कुंपणात परातीएवढी खोबण पडली.

"मशीन दमलं की तुम्ही?" टाळ्यावाल्या आजोबांनी विचारलं.

बाई घड्याळाकडे बघत होत्या. तात्यांना समोर भाजीचा ढीग दिसू लागला.

सोबत आलेली बायको पिशवी पुढं करत म्हणाली, "अहो, चढावर उताराचा गिअर टाकून कोण निघतं? लग्नानंतर टेकडीवर सायकल शिकवताना माझ्यावर किती ओरडला होतात!"

तात्या मशीन घेऊन बाकावर बसले. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच तर सांगत आले होते: चढावर वेग सोडा, जोर धरा. "बाई," ते मोठ्यांदा म्हणाले, "मशीन धडधाकट होतं. ग्रीस सुकलं होतं, ते माझ्या मेंदूतलं." बाकावरच मशीन खोललं, दाते पुसले, जुनी चाकं बसवली, नवं ग्रीस भरलं. बाईंनी भरलेली दुसरी बॅटरी दिली. आता मशीन संथ चाललं, पण वाटेत येईल ती फांदी चावून टाकत चाललं. कुंपण संपलं तेव्हा बॅटरीचे दोन दिवे शिल्लक होते.

बाई खोबणीपाशी थांबल्या. "सहा मशीनं उद्या पाठवते. एकाच अटीवर: काही नवं सुचलं, तर आधी वहिनींना विचारायचं."

"तात्या, कबूल आहे का?" आजोबा ओरडले.

"तिला विचारून सांगतो," तात्या म्हणाले.

ती खोबण भरून यायला दोन वर्षं लागली. तोवर तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथं नेऊन उभं करत. "लोकांचे पुतळे उभारतात," ते म्हणायचे, "आमचा खड्डा पाडलाय."